मवाली कोण?

मवाली हा शब्द कुठनं आला असं विचारलं, की आमच्या मावळात कोणीतरी छातीठोक सांगतोच, मावळ्यावरनं आला. मावळा, मावळी, मवाली. कानाला बरोबर वाटतं. वराळ्याचा म्हणजे मावळचा, म्हणजे मवालीच की, असं एका साहेबानं मला गिरणीच्या फाटकात ऐकवलंही. हजेरी त्याच्या हातात, म्हणून गप्प बसलो. पण रात्रपाळी करून आल्यावर झोप लागेना, तेव्हा या शब्दाचा माग काढत बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी मावळ. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख आहे. वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना करजिक नावाचं गाव दिल्याचा त्यात हुकूम आहे, आणि हुकूम सुटलाय तो मामाल इथल्या अमात्याला. हे मामाल म्हणजे आपलं मावळ, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या मुलुखाचं नाव अठराशे वर्षांपूर्वी भिक्खूंच्या लेण्यात कोरलं गेलं. मवालीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मवाली अरबी आहे. एक असेल तर मौला, अनेक असतील तर मवाली. आणि गंमत बघा, मौला म्हणजे धनी, आणि मौला म्हणजे मोकळा केलेला गुलामसुद्धा. मौलाना, मौलवी हे त्याच मुळातले. एकाच मुळाची एक फांदी गादीवर बसली, दुसरी फुटपाथवर आली.

ती फुटपाथवर कशी आली, त्यात खरी गोष्ट आहे. सातव्या शतकात अरबांनी इराक-इराण जिंकलं. तिथल्या लोकांनी इस्लाम घेतला. कोणी युद्धकैदी होते, कोणी कुळवाडी, कोणी कारागीर. पण अरब समाज टोळ्यांचा. टोळी नाही त्याला जागा नाही. म्हणून नव्या मुसलमानानं एखाद्या अरब टोळीचा आश्रित व्हायचं. हे आश्रित म्हणजे मवाली. नमाज एक, अल्ला एक. पण लढाईत मवाली बहुधा पायदळात, पगार आणि लुटीतला वाटा कमी, अरबाची पोरगी मागितली तर कपाळाला आठ्या. उमय्या खलिफांच्या राजवटीत (६६१ ते ७५०) तर धर्म बदलला तरी कित्येक ठिकाणी जिझिया चालूच. का, तर खजिना रिकामा होतो. दुसरा उमर खलिफा (७१७ ते ७२०) यानं हे बंद करायचा हुकूम काढला, पण तो गेल्यावर पुन्हा तेच.

दोस्तहो, हे वाचताना मला नागपूर आठवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर आपल्या माणसांनी धम्म घेतला. गावानं रातोरात वागणूक बदलली नाही. आणि केंद्र सरकार म्हणालं, आता तुम्ही हिंदू नाही, मग अनुसूचित जातीच्या सवलती कसल्या? बौद्धांना त्या यादीत यायला १९९० उजाडलं. तिकडं धर्म बदलूनही जुना कर, इकडं धर्म बदलला म्हणून हक्क बंद. चोर वेगळे, वाट एकच.

मवाली गप्प बसले नाहीत. ६८५ साली कुफ्यात मुख्तारच्या बंडात ते मोठ्या संख्येनं उतरले. ७४७ ला खुरासानात अबू मुस्लिम उठला, त्याच्यामागे अरब होते तसे मवालीही होते. तीन वर्षांत उमय्या कोसळले. नवे खलिफा आले अब्बासी, आणि ७५५ साली त्यांनीच अबू मुस्लिमचा काटा काढला. आपल्या पुढाऱ्यांना युतीची घाई होते तेव्हा मला हा माणूस आठवतो. आणखी एक. अरबीचं पहिलं मोठं व्याकरण लिहिणारा सीबावैही इराणी, मवालीच. ज्यांच्या भाषेत त्याला आश्रित म्हणत, त्यांना त्यांची भाषा त्यानं नियमात बसवून दिली.

पुढं फारसी-उर्दूत 'अहाली-मवाली' अशी जोडी झाली. म्हणजे सरदाराच्या घरची माणसं आणि पदरची माणसं. तिचं झालं हाली-मवाली, मागंपुढं फिरणारे लोक. मग रिकामटेकडे, मग गुंड. शब्द एकेक पायरी उतरत गेला, आणि प्रत्येक पायरीवर ढकलणारा हात धन्याचाच.

बदमाशाचंही असंच. मआश म्हणजे उपजीविका. बादशहानं मुल्ला-पंडितांना जमीन दिली की ती मदद-ए-मआश, आणि ज्याचं पोट वाईट धंद्यावर तो बदमाश. इंग्रजानं तर १८९८ च्या फौजदारी कायद्यात, कलम १०९ खाली, ज्याला पोटापाण्याचं उघड साधन नाही त्याच्याकडून जामीन मागायची सोय करून ठेवली. बेकारी हाच संशय.

पण सगळ्यात जहरी शब्द आहे भामटा. आपण तो सहज वापरतो, सभेतसुद्धा. अमका पुढारी भामटा आहे, टाळ्या. आणि भामटा ही जात आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ ला मुंबई इलाख्यात आला, आणि अशा जमातींच्या माथी जन्मतःच गुन्हा लागला. हजेरी, परवाना, पोलिसांचा पहारा. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आणि त्यातली माणसं तिथल्या गिरण्यांत राबायला जात. आपले साचेवाले, आपले बिगारी, फक्त पाळी संपली की त्यांना तारेच्या आत परत जावं लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, माणसं विमुक्त ठरली. शब्द विमुक्त झाला नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही भामटा आहे, राजपूत भामटा आहे. शब्दकोशात भामटा म्हणजे ठक, चोर. पोराच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात तोच शब्द, आणि दाखला बघून हसणारा कारकून टेबलापलीकडं बसलेला.