डायल-अप सत्र : एएस/४०० संगणक दूरगावचा फोन कसा घेतो?

शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, तर दौंड पुणे-सोलापूर लोहमार्गावर. ब्रॉडबँड येण्यापूर्वी अशा गावांतल्या शाखेला पुण्यातील मुख्य संगणकाशी जोडायचे, तर लीज लाइन न घेता उरणारा मार्ग म्हणजे साधा टेलिफोन आणि मोडेम. मात्र कॉल एसटीडीचा. जितका वेळ लाइन चालू, तितके बिल जास्त.

उदाहरणादाखल पुण्यात आयबीएमचा एएस/४०० आहे असे धरू. हा मिडरेंज, म्हणजे मध्यम क्षमतेचा संगणक जून १९८८मध्ये जाहीर झाला. त्याची आजची ऑपरेटिंग सिस्टिम ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते.

जोडणीचे टप्पे

येणारा कॉल घेण्यासाठी संगणकावर ‘रिसीव्हर प्रोफाइल’ तयार करून सुरू ठेवतात. मोडेमने फोन उचलला की पीपीपी या नियमावलीनुसार तीन गोष्टी घडतात :

१. दोन्ही बाजू लाइनच्या अटी ठरवतात.
२. ओळख तपासली जाते. पॅप पद्धतीत पासवर्ड उघड जातो. चॅप पद्धतीत तो लाइनवरून जातच नाही, फक्त प्रश्नाचे सांकेतिक उत्तर जाते.
३. फोन करणाऱ्याला आयपी पत्ता मिळतो.

इथवर फक्त रस्ता तयार होतो. काम करण्यासाठी टेलनेटने पुन्हा स्वतंत्र साइन-ऑन करावे लागते.

लाइन तुटली तर?

खरी अडचण इथेच येते. समजा, दौंडच्या कारकुनाने एक खाते दुरुस्तीसाठी उघडले आणि लाइन तुटली. पीपीपी जोडणी संपते. पण टेलनेटवरचे काम (जॉब) संगणकात काही काळ तसेच राहू शकते आणि त्या नोंदीवरचे कुलूपही. शिरूरहून तेच खाते दुरुस्त करू पाहणाऱ्याला सहसा ६० सेकंद थांबून ‘नोंद वापरात आहे’ असा संदेश मिळतो. मोडेम एकच असेल आणि लाइन अडकून पडली, तर त्याला एंगेज टोनच ऐकू येतो.

उपाय

जोडणी तुटताच जॉब संपेल अशी सिस्टिम व्हॅल्यू ठेवतात. लाइन ठरावीक वेळ निष्क्रिय राहिल्यास ती आपोआप बंद करतात. त्यामुळे बिलही थांबते. ‘कमिटमेंट कंट्रोल’ वापरल्यास अर्धवट व्यवहार मागे घेतला जातो. एका खात्यातून पैसे वजा झाले, पण दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असे मग घडत नाही.