जेऊर आणि विजयदुर्ग : १८९८ चे ग्रहणतळ
चंद्राची गडद छाया ज्या चिंचोळ्या पट्ट्यातून सरकते तेथूनच खग्रास ग्रहण दिसत असल्याने, २२ जानेवारी १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी निरीक्षकांना वेधशाळा सोडून तळ ठोकावे लागले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आले. तेथेच अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांनी ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारून प्रभामंडलाची, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ वातावरणाची, छायाचित्रे घेतली. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेसाठी केलेला हा खटाटोप थक्क करणारा आहे. विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांनाच निरीक्षणाची तालीम दिली. लॉकयर यांच्या नावाशी जोडला जाणारा हेलियमचा शोध मात्र, रूढ समजाविरुद्ध, या किल्ल्यावर लागलेला नाही; सूर्याच्या वर्णपटातील त्याची रेषा १८६८ मध्येच नोंदली गेली होती.