काडीपुरती जागा

1914 साली मोटारसायकलच्या शर्यतीत हेल्मेट सक्तीचं झालं, तेव्हा चष्मेवाल्यांना त्याविरुद्ध तक्रार करायला जागाच नव्हती. लंडनजवळच्या ब्रुकलंड्स ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर डोकं फुटलेले स्वार पाहून कंटाळले होते. त्यांनी लाखेनं कडक केलेल्या कॅनव्हासचं एक टोपडं करवून घेतलं आणि त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ते डोक्यावर असल्याशिवाय उतरायचं नाही असा नियम झाला. या टोपड्यातूनच पुढे ज्याला इंग्रज लोक 'पुडिंग बेसिन', म्हणजे पुडिंगचं भांडं, म्हणू लागले तो घाट रूढ झाला. हे भांडं कानांच्या वरच संपायचं. कडक भाग कानशिलापर्यंत पोचत नसल्यामुळे चष्म्याची काडी जिथं असते तिथंच राही.

अडचण होती ती धुळीची. तिच्यासाठी पट्ट्याचा गॉगल लावावा लागे, आणि चष्मा असला तर त्याच्यावरून. म्हणजे काचेवर काच, दोन्हींमध्ये कोंडलेली वाफ. मोटार शर्यतीतला अमेरिकी चालक मास्टेन ग्रेगरी जाड भिंगांचा चष्मा लावूनच धावे. 1965 साली योखेन रिंटबरोबर त्यानं ल मांसची 24 तासांची शर्यत जिंकली. त्या रात्री ट्रॅकवर उतरलेल्या धुक्यात चष्म्यातून दिसेना म्हणून तो अवेळी पिटमध्ये आला आणि काही फेऱ्या राखीव चालक एड ह्यूगसनं मारल्या, असा एक दावा नंतर पुढे आला. जाणकारांत त्यावर अजून वाद आहे. मात्र धुकं आणि भिंगं यांचं वैर ज्यानं अनुभवलं आहे, त्याला ही गोष्ट खोटी वाटणं कठीण.

डोक्याच्या बाजूनं मात्र इतिहास वेगानं पुढे सरकत होता. मे 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी 1941 साली निबंध लिहिला, त्यात हेल्मेट घातलेल्या सात स्वारांच्या नोंदी होत्या आणि सातही जण जगले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्यानं आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

1953 मध्ये अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड यांना आतून धक्का शोषून घेणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट मिळालं. आज ज्याला आपण सर्रास थर्माकोल म्हणतो, त्या थराची ही पूर्वपीठिका. कॅलिफोर्नियाच्या 'बेल'नं 1954 पासून हेल्मेटं विकायला सुरुवात केली, आणि हळूहळू हेल्मेट कानांवरून खाली उतरलं. मग त्याच कंपनीचं, हनुवटीसकट सगळा चेहरा झाकणारं 'स्टार' आलं. 1968 च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये डॅन गर्नीनं फुलफेस हेल्मेट घातलं, फॉर्म्युला वनमधलं ते पहिलंच. डोक्याच्या दृष्टीनं ही मोठी झेप होती, पण चष्म्याला घरातून बाहेर काढणारीही तीच.

कारण साधं आहे. फुलफेस हेल्मेट घट्टच बसायला हवं. सैल असेल तर अपघातात ते फिरतं. गालांचा फोम आणि कानशिलाची कातडी यांच्यात काडी सापडते आणि तासाभरात तिथे ठणका सुरू होतो. घट्ट टोपी, हेल्मेट, पोहण्याचा गॉगल यांनी येणाऱ्या अशा डोकेदुखीला आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे. शिवाय, कानामागं आकड्यासारख्या वळणाऱ्या ज्या काड्या एके काळी घोडेस्वाराचा चष्मा पडू नये म्हणून सोयीच्या ठरल्या, त्या हेल्मेटच्या खिडकीतून आत जातच नाहीत. दुचाकीवर सरळ, पातळ काडीच चालते. सैन्याला हे विषारी वायूच्या मुखवट्यांनी आधीच शिकवलं होतं. जर्मन सैनिकांचा 'मास्केन-ब्रिले' चपट्या, लवचीक काड्यांचा असे, नाहीतर मुखवट्याच्या कडेतून हवा शिरली असती. ही अक्कल नागरी हेल्मेटापर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला.

जाड प्लास्टिकच्या काडीचा आणखी एक उपद्रव. 1974 पासून लागू असलेल्या अमेरिकी मानकात नजर दोन्ही बाजूंना 105-105 अंश मोकळी असली पाहिजे अशी अट आहे. हेल्मेट ती पाळतं, आणि आतली रुंद काडी त्यातलाच कोपरा खाते.

1981 साली 'बीएमडब्ल्यू'नं आणलेल्या 'सिस्टिम' हेल्मेटमध्ये हनुवटीचा भाग वर उचलता येऊ लागला. चष्मा न काढता हेल्मेट चढवायची ती सोय होती. बदल्यात वजन वाढलं. दुसरा, जास्त स्वस्त उपाय म्हणजे गालाच्या फोममध्ये काडीपुरती खाच. खर्च जवळजवळ शून्य, आणि तरीही अनेक मॉडेलांत ती नसते. व्हायझरवरची वाफ रोखायला नंतर 'पिनलॉक'ची दुहेरी काच आली, पण ती चष्म्याच्या भिंगांवरची वाफ थांबवत नाही. त्यासाठी हनुवटीजवळची हवेची झडप आणि श्वास खाली वळवणारा नाकावरचा पडदा हेच कामाला येतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नं हेल्मेट बंधनकारक केलं, आणि पुण्यानं 2019 च्या आरंभी त्याविरुद्ध मोर्चे काढून नाव कमावलं. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं बेकायदा आहे. चिन्ह आघाताची हमी देतं. काडीची हमी ज्याची त्यानंच दुकानात घ्यायची. रोजचा चष्मा घेऊन जावं. हेल्मेट चढवून काड्या सरळ आत सारून पाहाव्यात, मग दहा-पंधरा मिनिटं तसंच उभं राहावं. कानशिलाशी दाब जाणवला तर मोठा साइझ मागू नये, पातळ गालफोम किंवा दुसरा घाट मागावा. काही हौशी स्वार घरी सुरीनं आतला थर्माकोलच कोरून काडीला वाट करतात. धक्का शोषणारा थर नेमका तोच आहे, त्यामुळे खाच पाडायची तर ती फक्त मऊ फोममध्ये.