नाणेघाटाचा हिशेब आणि गाथांचें जग

महाळुंगे पडवळ हें हुतात्मा बाबू गेनू यांचें गांव. १९३० सालच्या त्यांच्या बलिदानानें तें सर्वश्रुत झालें. परंतु जुन्नर-आंबेगांवच्या या भूमीची स्मृति दोन हजार वर्षांमागें जाते. जुन्नरपलीकडे नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञ किती, गाई किती, घोडे किती, कार्षापणें किती, सारें त्यांत मोजलेलें आहे. बुद्धीचें काम तेथें चोख झालें. त्या गाईंचें हंबरणें मात्र ऐकूं येत नाहीं.

तें ऐकावयाचें तर सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या ‘गाथासप्तशती’कडे वळावें. कांहीं गाथा मागाहून शिरल्या असतील, असोत. महाराष्ट्री प्राकृतांतल्या या सुट्या गाथांत तत्त्वचर्चा जवळजवळ नाहींच. रांधतां रांधतां गृहिणीचा काजळलेला हात तोंडाला लागतो आणि पति हंसतो, एवढेंच! पिकलेली साळ, दाटलेले मेघ, गोदेचा तीर हें सर्व डोळ्यांनीं, कानांनीं, त्वचेनें टिपलेलें. सनावळीला याचा उपयोग थोडा. पण कुणब्याच्या घरांतली संध्याकाळ नाणेघाटाच्या लेखांत सांपडावयाची नाहीं.

जर्मन पंडित वेबर यांनीं ही सप्तशती १८८१ सालीं संपूर्ण छापली. स. आ. जोगळेकरांची साक्षेपी मराठी आवृत्ति पुण्याहून निघाली ती त्यानंतर पंचाहत्तर वर्षांनीं, १९५६ सालीं.