घटस्फोटाचा खर्च (सास्तूर परिसर)

लग्न कायद्याने मोडताना नवरा-बायकोला आणि त्यांच्या घरच्यांना जो पैसा, वेळ आणि मालमत्ता मोजावी लागते, तिचा एकत्रित हिशोब म्हणजे घटस्फोटाचा खर्च. कोर्ट फी, वकिलाची फी, नकला, प्रवास आणि बुडालेली मजुरी ही त्याची एक बाजू; पोटगी, स्त्रीधन, मुलांचा सांभाळ आणि राहते घर ही दुसरी. सास्तूर (ता. लोहारा, जि. धाराशिव) हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात उद्ध्वस्त होऊन पुन्हा वसलेले गाव. सोयाबीन-तुरीच्या उत्पन्नावर आणि रोजंदारीवर चालणाऱ्या अशा गावात या खर्चाचा सर्वांत जड भाग कोर्टाच्या पावतीवर कधीच दिसत नाही. तो तारखांमध्ये जातो.

पूर्वपीठिका : सोडचिठ्ठी आणि काडीमोड या चाली अनेक जातींत जुन्या आहेत. त्यांचा खर्च जातपंचायत ठरवी. कोर्टाची वाट धरणाऱ्या स्त्रीला ती किती महाग पडे, हे रखमाबाईंच्या खटल्यातून दिसते. रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. तो १८८८ मध्ये तडजोडीने मिटला, तेव्हा दादाजींना २,००० रुपये देऊन रखमाबाईंची सुटका झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तर मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. सास्तूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. इथल्या हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा सर्वसाधारण हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दिला. संमतीने घटस्फोट घेण्याची सोय १९७६ च्या दुरुस्तीने झाली.

कोर्ट आणि वकील : महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. वकिलाच्या फीला मात्र ठरलेला दर नाही. कुणी ठोक रक्कम घेतो, कुणी थोडी आधी घेऊन बाकी तारखेगणिक घेतो. वकीलपत्र देण्याआधीच हे स्पष्ट विचारून घ्यावे. टायपिंग, नोटरी, समन्सची बजावणी, प्रमाणित नकला हे त्या फीत धरले आहे की वेगळे, तेही विचारावे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषांनाही ही अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. १५१०० हा फोन क्रमांकही आहे. वकिलाबरोबर मसुदा आणि नकलांचा खर्चही या साहाय्यात येतो. हक्क इतका मोठा असताना माहेरची माणसे व्याजाने पैसे काढून खासगी वकील लावतात, कारण फुकटचा वकील मन लावून लढणार नाही अशी धास्ती असते. वकील हलगर्जी करत असेल तर समितीकडे लेखी तक्रार करून तो बदलून मागता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. हे सांगणे ग्रामपंचायतीचे आणि अंगणवाडीचेही काम आहे.

तारखा : घटस्फोटाचा अर्ज जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्यात, नाहीतर अधिकार असलेल्या दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात चालतो. सास्तूरकरांना त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागते. तारखेच्या दिवशी सकाळची एसटी धरायची. पिशवीत लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, दागिन्यांच्या पावत्या. व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहायची. साहेब रजेवर असले किंवा समोरच्या वकिलाने मुदत मागितली की पुढची तारीख घेऊन परत. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. मजुरी करणाऱ्या बाईचे तेवढे तर त्या दिवशी बुडतातच. एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पण सोबतीला येणाऱ्या भावाचे पूर्ण, आणि त्याचाही रोज बुडतो. तारीख सोयाबीनच्या काढणीत आली तर नुकसान आणखी वाढते.

हा खर्च भरून मागता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ज्याला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही, त्याला किंवा तिला दावा चालू असताना दरमहा निर्वाह आणि दाव्याचा खर्च जोडीदाराकडून मिळू शकतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. पहिल्याच तारखेला हा अर्ज देणे फार महत्त्वाचे.

सीमाभागाची अडचण : या भागातले लग्नसंबंध बिदर-कलबुर्गीकडेही होतात. नवऱ्याने तिकडे, म्हणजे कर्नाटकात दावा लावला, तर तो महाराष्ट्रात आणण्याचा अर्ज थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. राज्यातल्या राज्यात हे काम उच्च न्यायालयात होते. म्हणून बायकोने वाट न पाहता आपल्या राहत्या ठिकाणी अर्ज करणे हिताचे. २००३ च्या दुरुस्तीने तिला ती मुभा आहे.

संमतीचा मार्ग : किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टापुढे यायचे. हा काळ कोर्ट योग्य प्रकरणी माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग खटल्यात २०१७ मध्ये ठरवले. हाच सर्वांत स्वस्त मार्ग. मात्र एकरकमी पोटगीची रक्कम शेवटच्या सहीपूर्वी हाती किंवा कोर्टात जमा असावी.

बॉण्डवरची फारकत याहून स्वस्त दिसते आणि शेवटी सर्वांत महाग पडते. बैठकीत चार माणसांसमोर, पूर्वी शंभराच्या आणि ऑक्टोबर २०२४ नंतर पाचशेच्या मुद्रांकावर सह्या होतात. जातीची तशी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच हिंदूंमध्ये असा कागद टिकतो, एरवी लग्न कायम राहते. त्यावर विसंबून केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि त्या दुसऱ्या बायकोचा पोटगीचा हक्कच धोक्यात येतो.

पोटगी आणि जमीन : फौजदारी प्रक्रिया संहितेतले पोटगीचे जुने कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, हे धर्म न पाहता लागू आहे, मुस्लिम घटस्फोटितेलाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालानुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. शेतकरी कुटुंबात मात्र सातबारा सासऱ्याच्या नावे असतो आणि नवरा म्हणतो, मला काहीच उत्पन्न नाही. अशा वेळी आडतीची पट्टी, कारखान्याचे उसाचे बिल, पीककर्जाचा आणि पीकविम्याचा उतारा कामी येतो. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो.

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा-निम्मा वाटा असतो. महाराष्ट्रात तसे नाही; वीस वर्षे शेतात राबलेल्या बाईलाही घटस्फोटात त्या शेताचा तुकडा आपोआप मिळत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने याच अन्यायावर बोट ठेवून लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावे करायला लावली. शासनानेही १९९२ मध्ये सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. भूकंपानंतर मिळालेल्या घराच्या बाबतीतही ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कुणाचे नाव आहे, हे संसार सुरळीत असतानाच पाहून ठेवावे.

घटस्फोटानंतर : पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटितेला आणि घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या स्त्रीलाही संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. बॉण्डवर सोडलेल्या बाईकडे न हुकूमनामा असतो, न दाव्याचा क्रमांक, आणि अर्ज तिथेच अडतो.