बंपरवरचा पोचा

मोटारीच्या बंपरवरचा लहानसा पोचा म्हणजे गॅरेजवाल्याचा विषय, असे आपण समजतो. पण एकेकाळी या पोच्याच्या खोलीवर अमेरिकेत सरकारी नियमाने मर्यादा घातली होती.

जुने बंपर पोलादी असत व त्यांवर क्रोमियमचा चकचकीत मुलामा असे. ताण स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे गेला की पोलादाच्या स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि पोचा कायम राहतो. तो ठोकून काढता येई; पण ठिसूळ क्रोमियमला तडे जात आणि मुलामा पुन्हा चढवावा लागे.

१९६८ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओ या अमेरिकन गाडीला पुढे रबरासारखे आवरण असलेला, गाडीच्याच रंगाचा बंपर आला. हलका धक्का बसला तर तो दबून पूर्ववत होई. फ्रान्समध्ये १९७२ साली आलेल्या रेनॉल्ट ५ चे बंपर प्लास्टिकचे होते.

त्याच वर्षी अमेरिकन संसदेने ग्राहकांचा दुरुस्तीखर्च कमी करण्यासाठी कायदा केला. १९७३ च्या मॉडेलांपासून पुढच्या बंपरला ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाची धडक सोसणे सक्तीचे झाले. १९८० च्या मॉडेलांपासून खुद्द बंपरवरचा पोचाही तीन-अष्टमांश इंचाहून, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटरहून, खोल चालेनासा झाला. मात्र असे बंपर जड असत. वजन वाढले की इंधनही जास्त लागते. खर्च दुरुस्तीवर करायचा की इंधनावर, हा वाद १९८२ साली सरकारने हलक्या बंपरच्या बाजूने सोडवला. वेगाची अट निम्मी झाली आणि पोच्याची मर्यादा रद्द झाली.

'निम्मी' हा शब्द येथे फसवा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १००० किलोग्रॅमच्या गाडीची ऊर्जा ताशी ८ किलोमीटरला सुमारे २४७० ज्यूल, तर ४ किलोमीटरला सुमारे ६२० ज्यूल भरते. म्हणजे बंपरने सोसायची ऊर्जा एक-चतुर्थांशावर आली.

आज बंपरचे बाहेरचे आवरण बहुधा रबर मिसळलेल्या पॉलिप्रोपिलीनचे असते. त्यावर उथळ पोचा पडला तर गरम पाणी ओतून आतून दाबतात. उष्णतेने रेणूंच्या साखळ्या सैल होतात आणि आवरण मूळ आकाराकडे परतते. चेपलेला टेबल टेनिसचा चेंडू गरम पाण्यात आपोआप फुगतो, कारण आत कोंडलेली हवा प्रसरण पावून त्याला बाहेर ढकलते. बंपरमागे अशी हवा कोंडलेली नसते, म्हणून तेथे हात लावावा लागतो. तडा गेला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

पोचा निघाल्यावरही एक गोष्ट तपासावी लागते. धक्क्याची ऊर्जा शोषण्यासाठी आवरणामागे बहुधा फेसाळ प्लास्टिकचा ठोकळा व त्यामागे आडवी दांडी असते. ठोकळा चिरडला किंवा दांडी वाकली असेल, तर बाहेरून गुळगुळीत दिसणारा बंपर पुढच्या धडकेत उपयोगी पडणार नाही. पोलादी बंपर आपली दुखापत उघड दाखवत असे. प्लास्टिकच्या बंपरची दुखापत आवरण काढून पाहावी लागते.