चंद्रावरचा सिक्स आयर्न

गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, 'सिक्स आयर्नने किती लांब मारतोस?' तो आयुष्यातला सर्वांत भारी फटका आठवून आकडा सांगेल. प्रत्यक्षात हौशी खेळाडूचा चेंडू साधारण १३० ते १५० यार्ड जातो, अमेरिकी व्यावसायिकांचा १८०च्या आसपास. ॲलन शेपर्डने मात्र सांगितलं होतं, 'मैलच्या मैल!'

तो तेव्हा चंद्रावर उभा होता.

६ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ची कामं उरकल्यावर शेपर्डने मातीचे नमुने उचलायच्या दांड्याला सिक्स आयर्नचं डोकं बसवलं आणि सोबत आणलेला चेंडू खाली टाकला. स्पेससूट इतका ताठ, की दोन्ही हातांनी स्विंग करणं अशक्य. मग एकाच हाताने. सुरुवातीला चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. टीव्हीवर बघणाऱ्या ह्यूस्टनच्या सहकाऱ्याने 'स्लाइस गेला' म्हणून चिडवूनही घेतलं. दुसरा चेंडू मात्र नीट बसला, आणि ते 'मैल' तोंडून निघाले.

जगाला ते पटलंही. तिथे गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, चेंडूला अडवायला हवा नाही. व्यावसायिक खेळाडूचा नेहमीचा फटका तिथे किलोमीटरभर जाईल, असा साधा हिशेब निघतो.

पन्नास वर्षांनी, २०२१मध्ये, अँडी सॉन्डर्स या ब्रिटिश तंत्रज्ञाने जुन्या फिल्म्स साफ करून चेंडू शोधले आणि अंतर मोजलं. पहिला २४ यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा जेमतेम दोन यार्ड जास्त. दुसरा ४०. वनडेतलं तीस यार्डांचं वर्तुळ ओलांडलं, एवढंच!

हसू येतं खरं. पण १९६१मध्ये अंतराळात जाणारा पहिला अमेरिकी ठरलेल्या याच शेपर्डला पुढे आतल्या कानाच्या आजाराने गाठलं. चक्कर यायची, तोल जायचा. मेनिएर्स डिसीज. उड्डाणं बंद झाली आणि तो वर्षानुवर्षं टेबलामागे बसून इतरांना वर पाठवत राहिला. शेवटी कानाची शस्त्रक्रिया करवून तो परतला, तेव्हा नवखेही त्याच्यापुढे निघून गेले होते. चंद्रावर उतरला तेव्हा वय ४७. तोल सांभाळता येत नव्हता म्हणून घरी बसवलेला माणूस तिथे एका हाताने सिक्स आयर्न फिरवत होता. माझ्या मते त्याला थोडी थाप माफ आहे.

ती काठी आज न्यू जर्सीतल्या गोल्फ संग्रहालयात आहे. पहिला चेंडू एका खळग्यात पडलाय. सहकारी एडगर मिचेलने भाल्यासारखा फेकलेला दांडाही तिथेच आहे.